भीमराज आहे ना

मी दारू पीत नाही ही गोष्ट मी आजवर कोणापासून लपवली नव्हती, पण कोणाला सांगत फिरलोही नव्हतो. ती आमच्या सोसायटीच्या सभेत माझ्या बायकोने उभं राहून जाहीर केली, आणि तिथून माझी जी वाट लागली ती थेट समुद्रकाठच्या मढपर्यंत लागली.

सभेचा विषय होता फाटकाचा खांब. मार्तंड सबनीस हा माझा शेजारी आणि जुना मित्र. आदल्या रविवारी भर दुपारी तो कुठूनतरी जेवून आला आणि गाडी आत घेताना त्याने फाटकाचा खांब पाडला. खांबाशेजारी वॉचमनचं स्टूल होतं, ते चपटं झालं. वॉचमन पाण्याचा पंप लावायला मागे गेला होता म्हणून वाचला. सभेत चर्चा चालली होती ती नवा खांब विटांचा बांधावा की सिमेंटचा, याची. मार्तंडचं म्हणणं, खांब मुळात चुकीच्या जागी होता.

"दोन पेगने मला काही होत नाही," तो म्हणाला. "उलट दोन पेगनंतर माझा हात जास्त स्थिर असतो. डॉक्टरला विचारा."

कुठल्या डॉक्टरला ते त्याने सांगितलं नाही. लोक हसले. मीही हसलो. नंदा हसली नाही. नंदा म्हणजे माझी बायको. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि हसणाऱ्या वर्गाकडे कसं बघायचं हे तिला नोकरीनेच शिकवलंय.

"स्टुलावर माणूस असता," ती उभी राहून म्हणाली, "तर आज आपण कशावर बोलत असतो?"

सेक्रेटरींनी चष्मा पुसायला घेतला. कोणीतरी पंखा एक नंबरने कमी केला.

"यापुढे आपल्या सोसायटीतलं कोणी पिऊन गाडी चालवणार नाही," नंदा पुढे म्हणाली. "ज्याला प्यायचंय त्याने खुशाल प्यावं. गाडी दुसरा चालवेल."

"दुसरा म्हणजे कोण, वहिनी?" मार्तंडने विचारलं. "इथे न पिणारं आहे कोण?"

"हे आहेत ना. हे पीत नाहीत. हे चालवतील."

हे म्हणजे मी. हा निर्णय मला इतर सभासदांबरोबरच, त्याच क्षणी कळला. ठराव एकमताने मंजूर झाला. पाण्याच्या टाकीसाठीसुद्धा इतके हात कधी वर गेले नव्हते. सगळ्यांत उंच हात मार्तंडचा होता. आयुष्यभर फुकट ड्रायव्हर मिळाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

आता माझं आणि गाडीचं नातं सांगायला हवं. आमच्याकडे गाडी आहे. ती आच्छादन घालून जिन्याखाली उभी असते. दर रविवारी मी तिच्यात बसतो, इंजिन सुरू करतो, बातम्या ऐकतो आणि इंजिन बंद करून वर येतो. ऑफिसला मी बसने जातो. मला गाडी चालवता येते. फक्त ती चालवताना तिथे दुसऱ्या गाड्या असू नयेत, एवढीच माझी अट असते, आणि ती मुंबईत कोणी पाळत नाही.

घरी आल्यावर नंदाने माझं लायसन्स मागितलं. ते कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सापडलं. त्यावरचा फोटो तिने उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हे तुम्हीच ना?"

"मीच."

"आणि याची मुदत कधीच संपलीये हे तुम्हाला माहीत होतं?"

गाडी जिन्याखालून हलत नसल्यामुळे मुदत संपल्याचं मला कळायला काही कारणच नव्हतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "उद्या आरटीओत जा."

आरटीओतल्या खिडकीवर एक सज्जन बसले होते. त्यांनी माझं लायसन्स एका चिमटीत धरलं, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवलं, आणि मग मला समजावून सांगितलं की मुदत संपून फार काळ लोटल्यामुळे आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आधी शिकाऊ लायसन्स, त्यासाठी कॉम्प्युटरवर नियमांची परीक्षा, मग महिनाभर सराव, मग इन्स्पेक्टरसमोर गाडी चालवून दाखवायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला शिकाऊ म्हणणं मला खटकलं. पण त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. चेष्टा सोसायटीत सुरू झाली.

मी गाडीला लाल रंगाचा एल चिकटवला त्या दिवशी अख्खी बिल्डिंग बघायला खाली उतरली. पहिल्या मजल्यावरचे श्यामकांत म्हसकर, जे एका औषध कंपनीतून निवृत्त व्हायच्या बेतात होते, ते गाडीला एक फेरी मारून म्हणाले, "भीमराज, तुला एकच सांगतो. इंडिकेटर देऊ नकोस."

"का?"

"आपण कुठे वळणार हे लोकांना कळतं. मग ते मुद्दाम तिथेच घुसतात. आपला बेत आपल्यापाशी ठेवावा."

त्यांनी सीटबेल्टबद्दलही मार्गदर्शन केलं. बेल्ट लावला नाही की गाडी पिपाणीसारखी वाजत राहते, म्हणून त्यांनी बाजारातून नुसतं बकल आणून खोबणीत कायमचं अडकवून ठेवलं होतं. गाडीची समजूत, की माणूस बांधलेला आहे. माणूस मोकळा. गाडीला फसवल्याचं त्यांना फार समाधान होतं. त्यांच्या बायको शर्मिष्ठावहिनी मागेच उभ्या होत्या. नंदाने त्यांच्याकडे आणि त्यांनी नंदाकडे जे पाहिलं ते मी पाहिलं.

नियमांच्या परीक्षेची तयारी नंदाने घेतली. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तक. एकदा श्यामकांत आणि मार्तंड चहाला आले होते, तर ती म्हणाली, तुम्हीही द्या उत्तरं, तुम्ही तर अनुभवी.

"सिग्नल हिरव्याचा पिवळा झाला. तुम्ही काय कराल?"

"वेग वाढवणार," मार्तंड म्हणाला. "नाहीतर लाल होईल ना."

"झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा आहे."

"हॉर्न देणार," श्यामकांत म्हणाले. "त्याच्या भल्यासाठी. त्याला कळायला नको आपण येतोय?"

"शाळेजवळ वेग किती ठेवाल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "शाळा सुटली आहे की भरली आहे?" मार्तंडने विचारलं. "सुट्टीचा दिवस असेल तर वेगळं."

नंदाने पुस्तक मिटलं. दोघंही नापास झाले होते, पण दोघांकडे लायसन्स होतं. मी पास होत होतो आणि माझ्या गाडीला एल होता. यावर मार्तंड म्हणाला की परीक्षा वेगळी आणि रस्ता वेगळा. श्यामकांतनी त्याला मनापासून दुजोरा दिला. वेगाने चालवणारे, पिऊन चालवणारे, फोनवर बोलत चालवणारे, अशा सगळ्यांना दोघांनी मग चहा संपेपर्यंत शिव्या घातल्या. ती सगळी माणसं दुसरीकडे कुठेतरी राहत होती. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांपैकी कोणी नव्हतं.

कॉम्प्युटरची परीक्षा मी उत्तम पास झालो. पुढचा प्रश्न सरावाचा. शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला बसलेला लागतो. नंदाने मार्तंडला नेमलं. मी विरोध केला, तर ती म्हणाली, "सकाळी सहाला तो शुद्धीत असतो. आणि तुमच्याशेजारी बसून नियम त्याच्याही कानावर पडतील."

म्हणून आम्ही पहाटे आरे कॉलनीत जायला लागलो. रस्ता झाडीतला, गर्दी कमी, अधूनमधून एखादी बस. मी वेगाचा काटा तिसाच्या वर जाऊ देत नसे. मार्तंड शेजारी बसून सुस्कारे सोडत असे.

"भीमराज, ती मागून आलेली म्हैस बघ."

"बघतोय."

"ती आता पुढे गेली बघ."

मी उत्तर द्यायचो नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना मला वाद घालता येत नाही. एकदा तो म्हणाला, या रस्त्याला बिबट्या येतो, तू असाच गेलास तर तो काच पुसून पैसे मागेल. मी हे सगळं गिळलं. महिनाभर गिळलं. मला गाडी चालवायची हौस नव्हती आणि आजही नाही. पण रोज सकाळी फाटकातून बाहेर पडताना मला तो तुटका खांब दिसायचा. तो विटांचा की सिमेंटचा हे अजून ठरलं नव्हतं. तो दिसला की मी मनातल्या मनात म्हणायचो, नंदा बरोबर बोलली होती आणि मी हसलो होतो. मग मी गिअर टाकायचो.

परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर शेजारी बसले आणि म्हणाले, सरळ घ्या. मी सरळ घेतली. पुढे झेब्रा क्रॉसिंग होतं आणि कडेला एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन उभे होते. मी नियमाप्रमाणे थांबलो.

गृहस्थ हलले नाहीत. आपल्यासाठी गाडी थांबली आहे हे त्यांच्या लक्षात येईना. मी हाताने खूण केली, या. त्यांनी हाताने खूण केली, जा. मी पुन्हा म्हटलं, या. त्यांनी मागे वळून पाहिलं, मी कोणा दुसऱ्याला बोलावतोय का म्हणून. एवढ्यात मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. त्यात एक रिक्षावाला बाजूने डोकं काढून मला काहीबाही बोलला, त्यात माझ्या वडिलांचा उल्लेख होता. ते गृहस्थ आता घाबरले. रस्त्यात पाऊल टाकलं की हा माणूस गाडी सोडणार, असा त्यांचा ग्रह झाला असावा. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि ते आले होते त्याच वाटेने परत निघून गेले.

"तुमच्यामुळे ते घरी परत गेले," इन्स्पेक्टर म्हणाले.

मला फार अपमान वाटला. त्या भरात मी क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. इन्स्पेक्टर शांतपणे उतरले आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात या.

श्यामकांतनी माझ्या पास होण्याचे पेढे आधीच आणून ठेवले होते. ते टिकण्यासारखे नव्हते म्हणून त्यांनी ते नापास झाल्याबद्दल वाटले. लोकांनी घरी येऊन खाल्ले. नंदाने मला एक दिला आणि म्हणाली, "क्लचचा सराव करा. थांबलात ते बरोबरच केलंत."

पुढच्या आठवड्यात मी पास झालो. तेच इन्स्पेक्टर होते. सही करताना म्हणाले, "असंच चालवा. लोक चालवू देणार नाहीत, पण चालवा."

खरी परीक्षा त्यानंतर आली. श्यामकांत निवृत्त झाले आणि त्यांनी रविवारी दुपारी मढला एक बंगला घेऊन जेवण ठेवलं. हे बंगले एरवी मालिकांच्या शूटिंगला देतात. मधल्या मोकळ्या दिवशी पार्टीला मिळतात. आमच्या तीन गाड्या निघाल्या. श्यामकांतची, मार्तंडची आणि आमची. बाकी मंडळी टॅक्सी करून येणार होती. बंगल्यात पोचताच नंदाने जेवणाचा एक रिकामा डबा पुढे केला आणि म्हणाली, "चाव्या यात टाका."

दोघांनी हसत हसत टाकल्या. डबा माझ्याकडे आला.

आता इथे आमच्या योजनेतलं एक भोक उघडं पडलं, जे नंदाच्याही लक्षात आलं नव्हतं. एरवी ही मंडळी दोन पेगवर थांबायची, कारण परत गाडी चालवायची असायची. आज ते कारणच उरलं नव्हतं. ग्लास भरायला कोणी आढेवेढे घेतले की दुसरा म्हणायचा, "घे रे, भीमराज आहे ना." दुपारभर मी ते वाक्य ऐकलं. त्या वाक्यावर लोक जितके प्यायले तितके निवृत्तीच्या आनंदात प्यायले नसते. मी लिंबू सरबत पीत डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि डोळ्यांसमोर माझ्या सत्कार्याचे परिणाम बघत होतो.

दुसरं भोक उन्हं कलताना उघडं पडलं. फाटकातून एक भलामोठा ट्रक आत आला, त्यामागे टेम्पो. बंगल्याचा रखवालदार धावत आला. दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगचं सामान उतरवायचं होतं, अंगण ताबडतोब रिकामं हवं होतं. गाड्या तीन, न प्यायलेला पुरुष एक.

मी डबा घट्ट धरला आणि विचार करायला लागलो, तेव्हा शर्मिष्ठावहिनी पुढे आल्या.

"आमची मी घेते," त्या म्हणाल्या.

"तू?" श्यामकांत खुर्चीतून म्हणाले. "तुला रिव्हर्स कुठे येतो?"

"घरी जायला रिव्हर्स लागत नाही," वहिनी म्हणाल्या आणि पर्समधून त्यांनी स्वतःचं लायसन्स काढलं. त्याची मुदत संपलेली नव्हती. "तुम्ही मला कधी चालवू दिली नाहीत, म्हणून मी भाचीच्या गाडीवर चालवते. दर गुरुवारी." मग त्यांनी गाडीत बसून ते नुसतं बकल उपटलं, झुडपात फेकलं, आणि श्यामकांतना शेजारी बसवून त्यांचा बेल्ट स्वतः लावला. श्यामकांत इतके थक्क झाले होते की त्यांनी हातही वर करून दिले.

उरला मार्तंड. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"चावी दे, भीमराज. मजा झाली. आता पुरे."

"नाही देणार."

"मी शुद्धीत आहे. बघ, सरळ चालून दाखवतो."

तो खरोखर सरळ चालला. मान ताठ, पावलं एका रेषेत, एखादा जवानही तसा चालला नसता. फक्त तो चालत गेला तो शूटिंगवाल्यांच्या टेम्पोपर्यंत, आणि आपली गाडी समजून त्याचं दार ओढायला लागला. आतून एका माणसाने दार उघडून विचारलं, काय पाहिजे.

सगळे हसले. मार्तंड परत आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. हसण्यामुळे गोष्ट बिघडली हे माझ्या लक्षात आलं.

"तू मला शिकवणार?" तो म्हणाला. "आयुष्यभर गाडीत बसून रेडिओ ऐकलास. तुला शिकवलं कोणी, मी. चावी दे, नाहीतर आजपासून तू माझा मित्र नाहीस."

मार्तंड अंगाने माझ्या दीडपट आहे. आणि खरं सांगायचं तर त्याचं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण माझ्या आईच्या आजारपणात हॉस्पिटलात माझ्याबरोबर बसलेला माणूस तो होता.

"आज नसलो तर नसलो," मी म्हणालो. "उद्या सकाळी विचार. चावी नाही मिळणार."

त्याने डब्याला हात घातला. मी डबा पाठीमागे घेतला. पन्नाशीतले दोन पुरुष अंगणात एका जेवणाच्या डब्यासाठी गोल गोल फिरतायत, हे दृश्य बघायला ट्रकमधले लोकही खाली उतरले. शेवटी नंदा मध्ये आली आणि मार्तंडला म्हणाली, "भाऊजी, गाडीत बसा." हे ती वर्गाच्या आवाजात म्हणाली. तो बसला. आमच्या गाडीत, मागे.

मार्तंडची गाडी कुठे ठेवायची हा प्रश्न होताच. शूटिंगवाल्यांच्या व्यवस्थापकाने खेळ बघितला होता. तो म्हणाला, "राहू द्या काका इथेच. चावी ठेवून जा. आम्हाला उद्या एक गाडी लागतेच आहे, तुमची वापरली तर चालेल ना? ओरखडा येणार नाही." मी मागे बघितलं. मार्तंड खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काय हवं ते करा." त्याची परवानगी मिळाली असं आम्ही धरलं.

परतीच्या वाटेवर पुढे मी, मागे शर्मिष्ठावहिनी, असे आम्ही तिसाच्या वेगाने निघालो. आमच्या मागे जी रांग लागली तिची लांबी मी आरशात बघायचं सोडून दिलं. मार्वे रोडला पोलिसांनी मला थांबवलं.

"एवढ्या हळू?" हवालदार खिडकीत वाकून म्हणाले. "किती घेतलीय?"

मी म्हणालो, लिंबू सरबत. त्यांनी यंत्र पुढे धरलं. मी फुंकलं. यंत्रात काही येईना. त्यांनी यंत्र आपटलं, पुन्हा फुंकायला लावलं, मग सहकाऱ्याला बोलावून दुसरं यंत्र आणवलं. त्यातही काही येईना.

"साहेब," मागून मार्तंड जड आवाजात म्हणाला, "तो पीत नाही. मी पितो."

"तुम्हाला कोणी विचारलंय का?" हवालदार म्हणाले. मग ते माझ्याकडे वळून बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांनी गाडीच्या टपावर हात मारून मला जायला सांगितलं. मार्तंड त्यानंतर बोरिवलीत आमच्या फाटकाशी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरतानाही नाही.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. मार्तंड दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता.

"गाडी आणायला जायचंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "येतोस?"

मी ऑफिसात रजा सांगितली आणि आम्ही माझ्या गाडीने गेलो. वाटेत हवेबद्दल बोललो.

बंगल्याच्या अंगणात शिरलो तेव्हा मार्तंड माझा दंड धरून थांबला. त्याची गाडी एका दिव्याच्या खांबात घुसली होती. बॉनेट वर उचकटलेलं, काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, ड्रायव्हरच्या दारावरून खाली रक्ताचे ओघळ. खांब थर्मोकोलचा होता, तडे चिकटवलेले होते, रक्त रंगाचं होतं, हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला.

कानाला यंत्र लावलेली एक मुलगी धावत आली. अक्षता तिचं नाव, दिग्दर्शकाची साहाय्यक.

"काका, ही तुमची गाडी ना? थँक यू हां. संध्याकाळी धुऊन देतो." मग तिने मार्तंडला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, एक विचारू? आमचा बॉडी आला नाही. म्हणजे, बॉडीचं काम करणारा. तुमची साइझ बरोबर बसतेय. फक्त पडून राहायचं."

मार्तंडला आपण नट व्हायला हवं होतं असं कायम वाटत आलंय. सोसायटीच्या गणपतीत त्याने आजवर तीन राजे केलेत. तो काल रागावला होता, आज ओशाळला होता, पण हे विचारल्यावर त्याची पाठ सरळ झाली.

"भूमिका काय आहे?" त्याने विचारलं. "म्हणजे, हा माणूस मेला कसा?"

अक्षताने हातातल्या कागदात बघितलं. "पार्टीहून येत होता. पिऊन चालवत होता. संपला." ती सहज म्हणाली आणि कोणालातरी चादर आणायला सांगायला वळली.

मार्तंडने माझ्याकडे बघितलं. मी न बघितल्यासारखं केलं.

त्याला दाराशी निजवलं, कपाळाला रंग लावला, वर पांढरी चादर टाकली. नुसता एक हात बाहेर. मग मालिकेतली मुलगी आली, गुडघ्यावर बसली आणि तो हात धरून रडायला लागली. "बाबा, उठा ना. मी जेवायची थांबलेय." पहिल्या वेळी ट्रकचा आवाज आला म्हणून पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी कॅमेऱ्याचं काहीतरी बिनसलं. प्रत्येक वेळी ती मध्ये उठून वडापाव खायची, परत यायची आणि पुन्हा तितकंच मनापासून रडायची. मार्तंड मात्र एकदाही उठला नाही. चहा आला तरी उठला नाही. अक्षता म्हणाली, "काका काय मस्त करतात, श्वाससुद्धा दिसत नाही." मी दोन पावलं पुढे जाऊन चादरीचं टोक हलतंय का ते बघून आलो.

हलत होतं.

काम संपल्यावर तो उठला, कपाळ पुसलं आणि माझ्या गाडीकडे चालायला लागला. त्याची गाडी संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती. फाटकाबाहेर आल्यावर तो म्हणाला, "चादरीखाली काही दिसत नाही रे. नुसतं ऐकू येतं."

मी मान हलवली.

"ती मुलगी हाताला धरून हाक मारते आणि आपण ओ द्यायची नाही. फार अवघड काम आहे. मला वाटलं होतं सोपं असेल."

मार्तंडची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची मुलगी ऋता नाशिकला असते. तो गाडीत बसला, बेल्ट लावला आणि त्याने खिशातून फोन काढला. मी गाडी रस्त्यावर घेतली. एका बाजूला समुद्र, एका बाजूला सुकत घातलेली मासळी, आणि मागे एक बस हॉर्न देत होती.

"ऋता, अगं मी. शनिवारी येतोय तुझ्याकडे," मार्तंड फोनवर म्हणाला. "किती वाजता ते सांगत नाही. नाही, तीन तासांत नाही. वेळ लागेल. तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस." पलीकडून ती काहीतरी बोलली. "येणार म्हणजे येणार गं. उशीर होईल एवढंच."

फोन ठेवून तो समुद्राकडे बघत बसला. मला बोलण्यासारखं खूप होतं. पण पुढे वळण होतं, म्हणून मी इंडिकेटर दिला आणि गाडी हळू केली.